दान केलेल्या केसांपासून एका मुलीसाठी विग : कामाच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, सांगली

आमच्या गल्लीतल्या आठ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान गेल्या महिन्यात झाले आणि ५ ऑगस्टपासून तिची केमोथेरपी सुरू झाली. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करतात. केसांच्या मुळातील पेशीही तशाच वाढत असल्यामुळे पहिल्या औषधानंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळू लागतात, आणि आज सकाळी तिच्या उशीवर ते दिसले. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही नाटकांचे टोप करता ना? हिच्यासाठी एक कराल का?"

मी गेली २२ वर्षे इथल्या हौशी संघांसाठी, विशेषतः राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांसाठी, दाढ्या-मिशा विणत आले आहे. पूर्ण टोप आजवर तीनच केले असून ते प्रत्येकी दोन-अडीच तास रंगमंचावर टिकले की माझे काम झाले, असा हिशोब होता. हा विग मात्र दिवसभर वापरायचा, उघड्या त्वचेवर बसवायचा आणि एका लहान मुलीने आरशात पाहायचा आहे. मुंबईत टाटा रुग्णालयाच्या रुग्णांना असे विग मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. पण या मुलीचे उपचार इथेच जवळ चालू आहेत आणि तयार मानवी केसांच्या विगची किंमत तिच्या घरच्यांना झेपणारी नाही. म्हणून मी होकार दिला. पुढे हे काम कोणी हाती घेतले, तर माझ्या चुका त्यांच्या हातून होऊ नयेत, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

आजच डोक्याची मापे घेतली : घेर ५२.५ सेंमी, कपाळापासून मानेपर्यंत ३१ सेंमी, कानापासून कानापर्यंत माथ्यावरून २९ सेंमी. आईने आवर्जून सांगितले, की तिचा भोवरा उजवीकडे आहे आणि भांग डावीकडून पडतो. या दोन गोष्टी मी मापांच्या वर लिहून ठेवल्या.

२२ ऑगस्ट

केस हवे असल्याचा निरोप मी ओळखीच्या दोन महाविद्यालयांत आणि भिशीच्या मंडळात दिला. पहिले दान तिसऱ्या दिवशीच घरपोच आले : पलीकडच्या आळीतील आजींनी चार वर्षे जपलेली गुंतवळ, स्वच्छ पिशवीत भरून. केसांवर भांडी देणारी बाई येते तिला न देता त्यांनी ती माझ्यासाठी ठेवली होती, त्यामुळे नाही म्हणताना मला फार जड गेले. पण गुंतवळ या कामाला चालत नाही, आणि त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे.

केसावर माशाच्या अंगावर असतात तसे सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. विंचरताना गळलेल्या केसांत कोणाचे मूळ कुठे आणि टोक कुठे याचा पत्ता राहत नाही. असे उलटसुलट केस शेजारीशेजारी आले, की खवले एकमेकांत अडकतात आणि दोन धुण्यांत त्याची जट होते. कारखान्यांत हे खवले आम्लाने काढून टाकतात आणि वरून गुळगुळीत लेप देतात. तो लेप धुऊन गेला की केस पुन्हा गुंततात. घरी यावर काहीच उपाय नाही. आजींना हे समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग माझा शेपटाच काप." त्यांचे केस पूर्ण पांढरे आहेत आणि ते आठ वर्षांच्या मुलीला शोभणार नाहीत, हे सांगण्याची दुसरी अवघड वेळ माझ्यावर आली. त्यांनी विगच्या आतील टोपीसाठी धुतलेले जुने मलमल दिले आणि ते पुढे खरोखरच उपयोगी पडले.

२७ ऑगस्ट

आज तीन दाने आली आणि तिन्हींत नुकसान झाले. दोष दात्यांचा नाही. मी निरोपात पुरेसे लिहिले नव्हते.

पहिल्या मुलीने केस धुऊन लगेच कापून घेतले आणि ओलेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठवले. मधे शनिवार-रविवार आले, पाऊस तर थांबतच नव्हता, आणि पिशवी उघडली तेव्हा कुबट वास येत होता. आतील भागावर बुरशी दिसत होती. ज्या मुलीची प्रतिकारशक्ती औषधांनी खाली आणली आहे तिच्या डोक्यावर हे जाणे शक्यच नव्हते, म्हणून १६ इंच लांबीचे ७० ग्रॅम केस मी टाकून दिले. दुसरीच्या पार्लरमध्ये केस न बांधता कापले गेले आणि जमिनीवर पडलेले गोळा करून पाठवले. म्हणजे ती पुन्हा गुंतवळच. तिसरीची वेणी नीट बांधलेली, कोरडी आणि १५ इंच होती, परंतु तिचा स्टेप कट असल्यामुळे वेणी सोडल्यावर निम्म्याहून अधिक केस सात-आठ इंचांचेच निघाले.

संध्याकाळी बसून नवा निरोप लिहिला. केस आदल्या दिवशी धुवावेत, तेल लावू नये, पूर्ण वाळू द्यावेत. लांबी मोजताना सर्वांत लांब बट न मोजता सर्वांत आखूड थर मोजावा, आणि तो किमान १२ इंच असावा. विगच्या जाळीला केसाची गाठ मारताना तो दुमडला जातो त्यात दीड इंच जातो, बांधलेल्या टोकाशी अर्धा इंच जातो, आणि विंचरणीत काही जातेच. १२ इंच दिले तर विगमध्ये जेमतेम साडेनऊ उतरतात. अमेरिकेतील माझ्या भाचीने हे वाचून तिथली माहिती कळवली : लॉक्स ऑफ लव्ह ही संस्था किमान १० इंच मागते, तर विग्ज फॉर किड्स १२ इंच मागते आणि रंगवलेले केस घेत नाही. मीही मेंदी आणि रंग दोन्ही नकोत असे कळवले, कारण एका विगमध्ये पाच जणांचे केस मिसळताना लालसर बट लगेच उठून दिसते.

१ सप्टेंबर

पार्लरवर विसंबून न राहता आज पाच जणांना घरीच बोलावले आणि केस माझ्या देखरेखीखाली कापले. कात्री धरायला ओळखीच्या केशकर्तनालयातील दादा आले होते. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

पद्धत अशी ठरवली. एकच पोनी बांधली तर कानांजवळचे आणि मानेवरचे केस गाठीपर्यंत यायलाच दोन-अडीच इंच खर्ची पडतात, म्हणून डोक्याचे सहा भाग करून सहा बटा बांधल्या. प्रत्येक बट मुळाजवळ घट्ट रबराने, त्याखाली एक इंचावर दोऱ्याने आणि शेवटी टोकाजवळ सैल दोऱ्याने बांधली. कात्री रबराच्या वर, म्हणजे डोक्याच्या बाजूला चालवली. मुळाकडच्या दोऱ्याचा रंग लाल आणि टोकाकडचा पांढरा ठेवला. एका माणसाला यासाठी २० मिनिटे लागली. मागच्या आठवड्यात वाया गेलेले केस पाहिल्यानंतर ही २० मिनिटे मला फार वाटत नाहीत.

दात्यांमध्ये एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्याने २७ महिने केस वाढवले होते, आणि या काळात घरच्यांचे, शिक्षकांचे आणि रिक्षावाल्यांचेही बोलणे ऐकून घेतले होते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा १२ इंचांसाठी दोन-अडीच वर्षे लागतातच. कापून झाल्यावर त्याने मानेवरून दोनदा हात फिरवला, सहाही बटा हातात घेऊन त्यांचे वजन पाहिले आणि विचारले, "काकू, एवढ्यात होईल ना?" त्याचे ५८ ग्रॅम भरले. आजचे आणि आधीचे चांगले असे एकूण ३०४ ग्रॅम जमले. एका मुलीच्या वेणीत लिखा आढळल्या. तिला एकटीला बाजूला बोलावून सांगितले आणि ती वेणी वापरली नाही.

११ सप्टेंबर

गणपतीमुळे चार दिवस काम बंद होते. आज बटा दोऱ्यांसकट कोमट पाण्यात सौम्य शांपूने दोनदा धुतल्या. चोळले नाही, फक्त मुळाकडून टोकाकडे हात फिरवला. शेवटी मऊपणासाठी कंडिशनर लावला आणि हीच पुढच्या त्रासाची सुरुवात ठरली. ती हकिकत पुढे येईल. हवेत दमटपणा असल्यामुळे पंख्याखाली दोन दिवस वाळवले आणि रबराच्या आतला भाग बोटांनी चाचपून पाहूनच पुढे गेले.

१४ सप्टेंबर

सुताराकडून लाकडी पाटावर खिळ्यांची फणी करून घेतली (रु. ३५०). बट मुठीत घट्ट धरून या खिळ्यांतून ओढली, की आखूड केस खिळ्यांत राहतात आणि लांब हातात राहतात. पहिल्या बटेच्या वेळी मी टोकाऐवजी मधूनच ओढायला सुरुवात केली आणि केस तुटले; टोकापासून थोडे थोडे वर सरकत जावे लागते. सगळे विंचरून झाल्यावर ३०४ ग्रॅमपैकी १६२ ग्रॅम हातात राहिले. दात्यांनी वर्षानुवर्षे वाढवलेल्या केसांतील जवळजवळ निम्मे असे बाजूला पडताना मनाला लागते, पण आखूड केस विगमध्ये गेले की सहा महिन्यांत ते बाहेर डोकावतात.

१९ सप्टेंबर

टोपी तयार झाली आणि चुकली. मलमलीची पट्टी, त्यावर बारीक जाळी (अर्धा मीटर रु. १,१५०), मागे दोन लवचीक पट्ट्या, असा आराखडा होता. टोपी घेऊन गेले तेव्हा मुलीचे सगळे केस गळून गेले होते आणि टोपी तिच्या भुवयांवर घसरली. मी माप केस असताना घेतले होते. आता घेर ५१ सेंमी भरला. दीड सेंटिमीटर म्हणजे फार नव्हे असे वाटेल, पण खेळताना खाली वाकल्यावर विग पडण्यासाठी तेवढे पुरते. जाळी पुन्हा उसवून मध्यभागी आणि कानांमागे चिमट्या घेतल्या. यात तीन संध्याकाळी गेल्या.

रुग्णालयातील परिचारिकेने दोन गोष्टी सांगितल्या. डिंक किंवा चिकटपट्टी अजिबात नको, कारण केमोमुळे त्वचा नाजूक झालेली असते. म्हणजे माझ्या पेटीतला स्पिरिट गम, ज्याच्याशिवाय मी कधी मिशीही लावली नाही, तो या कामातून बाद झाला. दुसरे म्हणजे उपचारांत स्टेरॉइड असल्यामुळे चेहरा आणि डोके काही काळ सुजू शकते, म्हणून पट्ट्या सैल-घट्ट करता याव्यात. बटणे टोचतील म्हणून पट्टीला कापडी आकडे लावले.

२९ सप्टेंबर

गाठींना सुरुवात होऊन आठ दिवस झाले. जाळीच्या छिद्रात आकडी घालायची, दुमडलेल्या केसाचा फासा ओढून घ्यायचा, आकडी फिरवून केस त्या फाशातून काढायचे आणि आवळायचे. मानेच्या भागात एका गाठीत पाच-सहा केस, माथ्यावर तीन, कपाळाच्या काठाला एकच. चौरस सेंटिमीटरला २५ गाठी धरल्या तर एकूण सुमारे १२ हजार होतात. माझा वेग मिनिटाला चार गाठींचा आहे.

पहिल्या दोन दिवसांत मानेच्या भागात ९०० गाठी झाल्या आणि तिसऱ्या दिवशी सहज कंगवा फिरवला, तर कंगव्याबरोबर केस निघून आले. मिशांना मी क्रेप (दाढ्या-मिशांसाठीची कुरळी लोकर) वापरते. ते खरखरीत असल्यामुळे एका गाठीतही धरून बसते. कंडिशनर लावलेला माणसाचा केस मात्र निसटतो. सगळ्या ९०० गाठी काढल्या, उरलेल्या बटा साध्या शांपूने पुन्हा धुऊन कोरड्या केल्या आणि मानेपासून कानांपर्यंत दुहेरी गाठ घेतली. दुहेरी गाठ थोडी जाड दिसते, पण मागे ती झाकली जाते. माथ्यावर आणि भांगाशी एकेरीच ठेवली. एकूण ११ तास वाया गेले. कंडिशनर गाठी झाल्यानंतर लावावा, आधी कधीही लावू नये.

एक आकडी मोडली (तीनचा संच रु. २४०). रात्रीच्या दिव्यात काळा केस आणि काळी जाळी वेगळी दिसत नाही, म्हणून लाकडी ठोकळ्यावर पांढरे कापड ताणून त्यावर टोपी बसवली. त्याने डोळ्यांचा ताण निम्मा झाला.

६ ऑक्टोबर

मुलीला ताप आल्यामुळे आठवडाभर रुग्णालयात ठेवले आहे. पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या आहेत, भेटायला जायचे नाही. मी भोवऱ्याचे काम केले. भोवऱ्याभोवती गाठींची दिशा चक्राकार बदलत न्यावी लागते. एका दिशेने गाठी घातल्या तर केस फळीसारखे आडवे पडतात. आईने दिलेल्या जुन्या फोटोत, शाळेच्या कार्यक्रमात पाठमोरी बसलेली असताना, तिचा उजवा भोवरा स्पष्ट दिसतो. तो फोटो ठोकळ्याशेजारी टाचून दोन दिवस तेवढाच तळहाताएवढा भाग बांधत होते.

१५ ऑक्टोबर

ती घरी आली आणि आज पहिल्यांदा विग घालून पाहिला. घेर बरोबर होता, टोचत नव्हता, पण ती आरशात बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "हे मोठ्या बाईचे केस आहेत." तिचे म्हणणे अगदी खरे होते. मोठ्या माणसांचे केस जाड असतात. कपाळाच्या काठाला ते एकेक करून बांधले तरी तिथे रेघ मारल्यासारखे दिसत होते. लहान मुलांच्या कपाळावर केस एकदम सुरू होत नाहीत, आधी मऊ लव येते, मग बारीक केस, मग दाट.

तेव्हा तिच्या आईने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेणी आणून दिली. केस गळू लागले त्या रविवारी त्यांनी स्वतःच ती कापली होती. वर शाळेची लाल रिबीन, खालीही लाल रिबीन, आणि दोन्ही गाठी तशाच. मला द्यायची की नाही, हे त्यांचे ठरत नव्हते. वेणी नऊ इंचांचीच होती, म्हणजे माझ्या निकषात न बसणारी. पण केस बारीक होते आणि मूळ कुठले हे निःसंशय कळत होते. कपाळाच्या काठाला नाहीतरी आखूड केसच लागतात.

कपाळाच्या काठाचा तीन सेंटिमीटरचा पट्टा मी उसवला आणि तिच्याच केसांनी एका गाठीत एक केस, विरळ सुरुवात करून मागे दाट होत जाईल असा पुन्हा बांधला. या पट्ट्याला १४ तास लागले. दात्यांना मी यापुढे सांगणार आहे, की लहान मुलींचे नऊ-दहा इंची केसही नाकारू नयेत, फक्त ते वेगळे बांधून द्यावेत.

२६ ऑक्टोबर

काम संपत आले असे वाटत असताना मुलीने मला विचारले, "आजी, याच्या दोन वेण्या येतील का?" शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत आणि तिला तशाच हव्या आहेत. मोकळ्या केसांसाठी बांधलेल्या टोपात वेण्या घातल्या, की मानेवर जाळीचा काठ उघडा पडतो, कारण काठाचे सगळे केस खाली वळलेले असतात. मानेच्या काठाशी आतल्या बाजूने वर वळणाऱ्या गाठींच्या तीन ओळी आणि मागच्या मधल्या भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ वाढवावी लागली. हे तिला पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. मी आईला सर्व विचारले, मापे घेतली, फोटो मागितले. जिच्या डोक्यावर हा विग बसायचा तिला केस कसे हवेत, हे मात्र विचारले नाही.

३१ ऑक्टोबर

पहाटे अभ्यंगस्नान आटोपून शेवटची ओळ पूर्ण केली. विग कोमट पाण्यात धुतला, ठोकळ्यावर वाळवला, मग केवळ टोकांना कंडिशनर लावला. विगमध्ये गेलेले केस ८४ ग्रॅम. गाठींचे ६६ तास, वाया गेलेले धरून ९१. एकूण खर्च रु. २,९८०, त्यात लाकडी ठोकळ्याचे रु. ७०० आले.

३ नोव्हेंबर

केस तिच्या डोक्यावरच कापून सारखे केले. कपाळावरच्या बटा मला थोड्या लांब ठेवायच्या होत्या, कारण कापलेला विग वाढत नाही; तिने भुवईच्या वर बोट ठेवून "इथपर्यंत" असे सांगितले आणि मी तिथेच कापले. दोन वेण्या तिच्या आईने घातल्या. मानेवर जाळी दिसली नाही. तिने मान दोन्हीकडे झटकली, एक वेणी पुढे ओढून तिचे टोक नाकाशी नेले आणि म्हणाली, "याला माझ्या शांपूचा वास नाहीये." पुढच्या धुण्यासाठी त्यांच्या घरातला शांपू वापरावा असे आईला सांगून ठेवले. भाऊबीजेला ती विग घालून बसली होती, ओवाळून झाल्यावर गरम होते म्हणून तिने तो काढला आणि उरलेली दुपार तशीच खेळली.

१७ नोव्हेंबर

दुरुस्तीसाठी विग परत आला. स्टेरॉइडमुळे चेहरा भरला असून पट्टी शेवटच्या आकड्यावर गेली आहे, म्हणून दोन सेंटिमीटर पट्टी वाढवून दिली. भांगाच्या रेषेत ४० गाठी सुटल्या होत्या. ती झोपताना विग काढत नाही असे कळले. रात्रीसाठी आजींच्या मलमलीतून दोन मऊ टोप्या शिवून दिल्या. ७८ ग्रॅम केस लाल आणि पांढऱ्या दोऱ्यांसकट डब्यात आहेत. रुग्णालयातील त्याच विभागातल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या आईने काल निरोप पाठवला. उद्या त्याचे माप घ्यायला जाते आहे, आणि केस कसे हवेत हे आधी त्यालाच विचारणार आहे.